डबलबेडचा वाघ

मशीनवर लिहिलंय, सात किलो.
कोरडा वाघ भरतो साडेपाच.
ओल्या वाघाचं वजन
कुठलीच कंपनी छापत नाही.
मागच्या वर्षी ड्रम बदलून गेलेल्या पोरानं
दारात हात जोडले होते:
काका, हे जनावर पुन्हा आत घालू नका.

जुन्या बाजारातून आणलेलं ब्लँकेट,
लालभडक, मखमली,
आणि मधोमध हा, एवढा मोठा,
जबडा मिटलेला, कुणाकडेच न बघणारा.
शालन तेव्हा म्हणाली होती, फुलांचं नव्हतं का?
होतं. तीस रुपयांनी महाग होतं.

गुरुवारी पाणी नाही.
शुक्रवारी येतं ते चहाच्या रंगाचं.
म्हणून शनिवार.

शालन मोरीच्या दारात स्टुलावर बसली,
डावा हात मांडीवर,
कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.
"आधी कोमट पाणी. पावडर विरघळवून घ्या,
अशी वरून भुरभुरताय काय, कोथिंबीर आहे का ती?"

पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून
मी वाघावर चढलो.
एकसष्ट वर्षांत कुणावर असा नाचलो नव्हतो.
पहिलं पाणी काळं.
दुसरं काळंच.
तिसऱ्याला मी जरा घाबरलो,
काय काय होतं आमच्या झोपेत?
"तेल आहे ते," शालन म्हणाली.
खरंच की. वर्षभर तिच्या खांद्याला मी जे चोळलं
ते अर्धं तिला लागलं,
अर्धं वाघ प्याला.

पाचव्या पाण्याला मी म्हणालो, बास.
ती म्हणाली, पट्टे अजून बुळबुळीत आहेत.
वाकून हात लावला. होते.

पूर्वी पिळायला दोघं असायचो.
मी बाल्कनीच्या टोकाला, ती ओट्याच्या,
दोघांचा पीळ उलटा,
मध्ये वाघाचा दोर,
आणि दर वेळी माझ्याच मुठी आधी सुटायच्या.
पोळीभाजी केंद्रात दिवसाला दीडशे पोळ्या
लाटणारं मनगट होतं ते.
मी म्हणायचो, हाताला साबण होता.

यंदा शेपटीकडचं टोक नळाला बांधलं.
दोन पीळ दिले, नळ करकरला.
तिसऱ्याला भिंतीतून सिमेंट पडलं.
"सोडा ते. इकडे आणा."
तिनं टोक उजव्या मनगटाला गुंडाळलं,
पाय चौकटीला रोवला.
"द्या पीळ. बघताय काय?"

दिला.
गाऊन भिजला, स्टूल सरकलं,
पाणी हॉलमध्ये जाऊन टीव्हीखाली थांबलं.
आणि डावा हात मांडीवरून निघाला
आणि वाघाच्या कानावर जाऊन पडला.
आपणहून? की नुसता ओढीनं घसरला?
सोमवारी फिजिओच्या मुलीला सांगायचं का,
यावर आमचं अजून एकमत नाही.

चार जिने गच्चीपर्यंत.
बादली अर्धी करता येते, वाघ अर्धा करता येत नाही.
प्रत्येक वळणावर त्याला खाली ठेवला,
प्रत्येक वळणावर त्यानं तळं केलं.
दुसऱ्या मजल्यावरच्या हेब्बाळकर काकू
दार किलकिलं करून म्हणाल्या, कोण आहे?
मी म्हणालो, आम्ही.

दोन दोऱ्यांवर मिळून टांगला.
तोंड उलटं, मिश्या जमिनीकडे,
मागे सिंहगड रोडचा धुरकट उजेड.
वॉचमनची रोशनी आली,
बराच वेळ बघत राहिली,
मग त्याच्या नाकाखाली बोट धरून थेंब झेलायला लागली.

शालनला जिने चढवत नाहीत.
तिच्यासाठी फोटो काढून खाली नेला.
तिनं एका बोटानं तो मोठा केला,
आणखी मोठा केला,
जबड्यापाशी थांबली.
"डाग गेला नाही."
राहू दे, मी म्हणालो.
"राहू दे काय?
पुढच्या वर्षी आधी बेसन लावून ठेवू."

रविवार गेला, सोमवार गेला.
शेपटी अजून ओली आहे.